सातवीण आणि कंपनी फिटिंग

आमच्या निगडी प्राधिकरणात सातवीण फुलली की लोक खिडक्या लावून घेतात. कोणाचं त्या वासाने डोकं दुखतं, कोणाला दम लागतो, आणि ही झाडं एकदाची तोडून टाका अशी कुरकुर दरवर्षी कोणीतरी करतंच. मला यातलं काहीच होत नाही. मला हेवा वाटायला लागतो. दसऱ्याच्या आसपास चाकणहून येणारी ऑफिसची बस मला संध्याकाळी निगडीला सोडते, मी कोपऱ्यावर वळते, तो दाट, गोडसर, जरासा उग्र वास नाकात शिरतो, की झालं. हेवा माझ्या धाकट्या भावाचा, धनूचा. तो जर्मनीत असतो, मला रोज फोन करत नसला तरी वाढदिवस विसरत नाही, माझ्यासाठी चॉकलेटं आणतो. माणूस चांगला आहे. तीच तर पंचाईत आहे. वाईट माणसाचा राग करता येतो आणि विषय संपतो.

याही वर्षी वास आला. ऑक्टोबरचं ऊन, वाळत चाललेला चिखल, फुलवाल्यांच्या टोपल्यांत झेंडू, आणि माहेरच्या फाटकाबाहेरच्या सातविणीखाली उभी असलेली आप्पांची जुनी टर्बो गाडी. टपावर हिरवट पांढऱ्या फुलांचा सडा. मी जवळ जाऊन फुलं झटकली आणि उगाच खाली वाकून पाहिलं. खाली जे बघायचं होतं ते जागेवर होतं.

आप्पा, म्हणजे माझे वडील, तरुणपणी सोलापूरकडून इकडे आले आणि निवृत्त होईपर्यंत एका कंपनीच्या असेंब्ली लाइनवर बोल्ट आवळत राहिले. खंडेनवमीला कंपनी घरच्या माणसांसाठी खुली असायची. आम्ही नवे कपडे घालून जायचो. कूलंटचा आंबूस वास, त्यात उदबत्ती, त्यात झेंडू. एरवी काळीकुट्ट असणारी मशिनं त्या दिवशी नवरदेवासारखी सजलेली. आप्पा आपल्या मशिनपाशी नेऊन आम्हा दोघांना उभं करायचे आणि कामं वाटून द्यायचे. हळदीकुंकू मी वाहायचं, बटण धनूने दाबायचं. दरवर्षी हेच. मशिन घुर्र करून चालू व्हायचं, सगळे हसायचे, धनू टाळ्या पिटायचा, आणि मी बोटांना लागलेलं कुंकू फ्रॉकला पुसायची. आई मागून म्हणायची, "अगं, नवा फ्रॉक आहे ना!" कुंकवाचे डाग धुऊन निघायचे. ते बटण मात्र अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे, हिरवं, बशीएवढं.

पुढे धनू इंजिनिअर झाला, नोकरीला लागला आणि ही गाडी घेऊन आला. सेकंड हँड, डिझेल, टर्बोची. मग बापलेकांच्या रविवारांना ऊत आला. मी लग्न होऊन दोनच सेक्टर पलीकडे राहायला गेले होते, त्यामुळे रविवारी माहेरी जायचे, आणि जाऊन काय बघायचे तर गाडीखालून बाहेर आलेले चार पाय. दोन आप्पांचे, दोन धनूचे. कंपनीचा टर्बो काढून मोठा बसवला. कंपनीच्या स्प्रिंगा काढून गाडी खाली बसवली, इतकी की गतिरोधकावरून तिरकी न्यावी लागायची. सायलेन्सर बदलला, तेव्हापासून धनू कोपऱ्यावर आला की स्वयंपाकघरातल्या बरण्या कळवायच्या. गल्लीतली पोरं धावत यायची. आणि एरवी टीव्हीचा आवाज मोठा झाला तरी ओरडणारे आप्पा फाटकात उभे राहून हसायचे.

माझ्या वाट्याला चहा होता. आलं घालून, साखर कमी, दर तासाला. ओट्यासमोरच्या खिडकीतून मला सगळं ऐकू यायचं. टर्बो म्हणजे काय ते आप्पांनी धनूला सांगितलं, तेव्हा मी चहा गाळत होते. "हे बघ, इंजिनातून जो धूर वाया जातो ना, त्याच्याच जोरावर हा पंखा फिरतो, आन् हा पंखा इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. वाया जाणाऱ्यातनं ताकद काढायची. कळलं का?" धनूला ते कॉलेजातच कळलेलं होतं. ते ऐकायची गरज मला होती आणि मला ते कोणी सांगत नव्हतं. मी ते चोरून शिकले. आज चाकणच्या एका कंपनीत मी गाड्यांच्या सुट्या भागांची खोकी देशभर रवाना करते. कुठला बोल्ट कुठे जातो ते मला मुखोद्गत आहे. पण आप्पांच्या पान्याला गेल्या वर्षापर्यंत माझा हात लागला नव्हता.

आणि त्या रेघा. लाइनवर बोल्ट नेमका आवळला की त्याच्या डोक्यावरून खालच्या पत्र्यावर रंगाची एक रेघ ओढायची पद्धत असते. बोल्ट हलला की रेघ तुटते आणि लगेच दिसते. आप्पांनी ही पद्धत घरी आणली. त्यांची रेघ पिवळी. धनूची पांढरी, व्हाइटनरची. नियम एकच होता आणि तो आप्पांनी गणपतीच्या आरतीइतका पक्का पाळला होता: ज्याची रेघ, त्याचा जिम्मा. दुसऱ्याने त्या बोल्टला पाना लावायचा तर आधी विचारायचं. आप्पा स्वतःसुद्धा विचारायचे. "धनू, तुझा सोडवू का रं?" पन्नाशी उलटलेला माणूस पोराची परवानगी घ्यायचा, आणि मी खिडकीत कप हातात धरून मनात म्हणायची, मला कोणी कधी काय विचारलंय या घरात? गाडीखाली सगळीकडे पिवळी आणि पांढरी. तिसरा रंग नव्हताच.

हेवा आणि मत्सर यांत फरक असतो म्हणतात. हेव्यात आपल्याला हवं असतं, मत्सरात दुसऱ्याकडे नको असतं. मी स्वतःशी बरेचदा पडताळून पाहिलं. माझ्याकडे दोन्ही होते, भरपूर होते.

मग धनू जर्मनीला गेला आणि गाडी फाटकापाशी राहिली. आप्पा रोज सकाळी ती चालू करायचे, जुन्या बनियनने पुसायचे. इतक्या हळुवारपणे त्यांनी आईच्या कपाळावरचा घामही कधी पुसला नसेल, असं आईच म्हणाली होती. मला त्या पत्र्याचाही हेवा वाटला. आता हसा.

गेल्या वर्षी गाडीला पंधरा वर्षं पुरी व्हायची होती. पंधरा वर्षं झाली की गाडी परत पासिंगला न्यावी लागते. आरटीओचे साहेब तपासतात, धूर बघतात, आवाज बघतात, आणि गाडीला कंपनी फिटिंग नसेल तर परत पाठवतात. आणि आमच्या गाडीत कंपनीचं असं राहिलं होतं काय? दारं आणि आरसे. मुदत दिवाळीआधी संपत होती. त्यातून आप्पांचा उजवा खांदा पावसाळ्यापासून जखडलेला. हात कानापर्यंत जात नव्हता, मग गाडीखाली निजून पाना काय लावणार?

धनूला फोन केला तेव्हा मी तिथेच होते. तो म्हणाला, "आप्पा, कशाला एवढा त्रास? भंगारात देऊन टाका ना. मी आलो की आपण भाड्याने घेऊ एखादी."

आप्पा फक्त "बघू" म्हणाले आणि फोन ठेवला. नंतर बराच वेळ गुडघ्यावरून हात फिरवत बसले. मला त्या क्षणी धनूचा जेवढा राग आला तेवढा कधीच आला नव्हता. ज्या गाडीखालची एक वीतभर जागा मी आयुष्यभर मागत होते, ती हा भंगारात द्यायला निघाला होता.

"मी आहे ना," मी म्हटलं.

"तू?" आप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांची बनियन मागितली. "न्हाई गं बाई. हात खराब हुतील. युनूसभाईला बघतो."

दिघीचे युनूसभाई म्हणजे आप्पांचे जुने दोस्त, जुन्या सुट्या भागांचं दुकान आणि मागे गॅरेज. दसऱ्याच्या तोंडावर त्यांच्याकडे श्वास घ्यायला फुरसत नव्हती. पण आमचा कंपनीचा सायलेन्सर त्यांच्याकडेच होता. आप्पांनी तो जागा अडते म्हणून देऊन टाकला होता, आणि तो तिथे आढ्याला टांगलेला होता.

"मला माहीत होतं आप्पा, एक दिवस येणार तुम्ही," युनूसभाई तो खाली काढत म्हणाले. "सगळे येतात. पासिंग आलं की भल्याभल्यांना कंपनी फिटिंग आठवतं." मग माझ्याकडे बघून, "काम ताई करणार? करू द्या की. माझ्याकडे दिवाळीपर्यंत माणूस नाही, सच्ची बात."

तर मला ती जागा मिळाली ती अशी, दुसरं कोणी मोकळं नव्हतं म्हणून. मी ती घेतली. मानापमान बघत बसले असते तर अजून खिडकीतच असते.

नवरात्र सुरू झालं होतं. घरात घट बसलेले, दर संध्याकाळी धान्याचे कोंब जरा वर आलेले. ऑफिसात बायकांचे नवरात्रीचे रंग चाललेले, म्हणून मी त्या दिवशीच्या रंगाच्या साडीत माहेरी यायची आणि आप्पांचा कंपनीचा जुना शर्ट चढवून गाडीखाली सरकायची. आप्पा बाजूला खुर्ची टाकून बसायचे, हातात टॉर्च. माळ्यावरून पोती उतरवली. त्यात कंपनीचा टर्बो, स्प्रिंगा, एअर फिल्टरचं खोकं, सगळं तेलकट फडक्यांत बांधलेलं. पहिल्या दिवशी आप्पा सारखे ओरडत होते. "उलटं फिरवतीस! खाली निजली की डावं-उजवं बदलतं, ध्यानात ठेव." दुसऱ्या दिवशी कमी ओरडले. नंतर फक्त टॉर्च तिथे तिथे धरत गेले, मी सांगायच्या आधी. सातविणीची फुलं केसांत पडत होती, कोपराला ग्रीस, आणि त्या वासात डिझेलचा वास मिसळून एक तिसराच वास तयार झाला होता. मी तो अत्तर म्हणून लावला असता.

पहिला बोल्ट नेमका आवळला, टॉर्क पाना कट्ट वाजला, आणि मी हात बाहेर काढून म्हटलं, "रंग द्या."

आप्पा थबकले. पिवळ्याची बाटली त्यांच्या खिशात होती. ती त्यांनी पुढे केली नाही. "तुझा कुठला?" त्यांनी विचारलं. खरंच विचारलं, टोमणा नव्हता. माझ्या पर्समध्ये नेलपॉलिशची बाटली होती, मरून. मी ती रेघ ओढली. आई दारातून बघत होती, म्हणाली, "अगंबाई, गाडीला पण नवरात्र लागलं."

पण ऐका, एवढ्यावर भाळू नका. मी वर आले की आप्पा डाव्या हाताने माझा एकूणएक बोल्ट पुन्हा तपासायचे. अडचणीतले, हात न पोचणारे, मला परत खाली पाठवून तपासायला लावायचे. आणि मधल्या पाइपला धरून ठेवणाऱ्या ब्रॅकेटवर, जो आम्ही काढलाच नव्हता, धनूची एक जुनी पांढरी रेघ होती. मी विचारलं, "हा बघू का आवळून?"

"ऱ्हाऊ दे. ती धनूची रेघ हाय," आप्पा म्हणाले. "तिला बघायची गरज न्हाई."

मी खाली निजून त्या पांढऱ्या रेघेकडे पाहत राहिले. हजारो किलोमीटरवर असलेल्या माणसाच्या व्हाइटनरवर जेवढा भरवसा, तेवढा इथे पाठ घासून निजलेल्या पोरीच्या हातावर नव्हता. डोळ्यांत पाणी आलं ते ग्रीसच्या हाताने पुसलं, मग आणखी आलं.

खंडेनवमीला आईने सगळे पाने पाटावर मांडले आणि हळदीकुंकू वाहून बजावलं की दसरा होईपर्यंत कोणी हात लावायचा नाही. काम तोवर संपलं होतं. आप्पांनी धनूला व्हिडिओ कॉल लावला. गाडीला झेंडूची माळ. धनू म्हणाला, "चालू करा ना आप्पा, आवाज ऐकू दे." आप्पांनी स्वतः किल्ली फिरवली. गाडी इतकी हलक्याने चालू झाली की फोनमधून धनू खदखदून हसला, "अरे, शिलाई मशिन झालं की तिचं!" आप्पाही हसले. मला दोघांच्या तोंडावर माळ फेकून मारावीशी वाटली. आणि त्या शांततेत मला काहीतरी ऐकू आलं. बारीक खडखड. मी म्हटलं तेव्हा आप्पा म्हणाले, "नवं बसवलंय, बसंल जागेवर."

बसलं नाही. दसऱ्यानंतर पासिंगसाठी मोशीला निघालो. मी चालवत होते, आप्पा शेजारी, कागदांची पिशवी मांडीवर. खड्ड्यांचा रस्ता लागला तशी खडखड वाढत गेली, आणि मोशीच्या अलीकडे डबा वाजवल्यासारखा आवाज यायला लागला. अशी गाडी साहेबांपुढे नेली असती तर दारातूनच परतलो असतो. आप्पांचा चेहरा उतरला. "थांबव," ते म्हणाले. मी कडेला घेतली. पाठीमागून कंटेनर हॉर्न मारत जात होते.

पाइप जरा निवेपर्यंत थांबलो. मग वर्तमानपत्र अंथरलं आणि साडीचा पदर खोचून मी खाली शिरले. स्प्रिंगा कंपनीच्या बसवल्या होत्या म्हणून गाडी उंच होती, नाहीतर मी मावलेच नसते. माझ्या मरून रेघा एकेक पाहिल्या. सगळ्या अखंड. मग मधल्या ब्रॅकेटला फडक्याने धरून हलवलं आणि तो हातात आल्यासारखा हलला. पांढरी रेघ मात्र सरळ, कुठे तडा नाही.

मला ते समजायला क्षणभर लागलं. रेघ तुटली नव्हती, म्हणजे बोल्ट फिरून सैल झालाच नव्हता. तो मुळात आवळलेलाच नव्हता. धनूने आधी रेघ ओढली होती आणि आवळायचं राहून गेलं होतं. इतकी वर्षं त्या दणदणीत सायलेन्सरच्या आवाजात ती खडखड कोणाला ऐकूच आली नव्हती.

"आप्पा, धनूचा आहे," मी खालून म्हटलं. "आवळलेलाच नाहीये."

"सैल झाला आसंल."

"रेघ सरळ आहे."

मला फक्त त्यांच्या चपला दिसत होत्या. मला लाज वाटायला हवी होती, म्हाताऱ्या माणसासाठी वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगू? पेढा खाल्ल्यासारखं वाटलं. अख्खं लहानपण, ते हिरवं बटण, सगळे चहा, सगळ्याचा हिशेब त्या एका ढिल्या बोल्टने चुकता केला असं वाटलं. मी धुळीत निजून हसत होते, आणि वरून दिसत नव्हतं हे माझं नशीब.

मग आप्पांच्या चपला जवळ आल्या. ते कष्टाने वाकले आणि डाव्या हाताने पाना आत दिला. पुढे म्हणाले, "तुझी बाटली हाय का?"

मी बोल्ट आवळला. पांढरी रेघ नखाने खरवडली आणि तिथे मरून ओढली. जागा अडचणीची, म्हणून ती जरा वाकडी आली.

पासिंग झालं. साहेबांनी बॉनेट उघडलं, खाली वाकले, धुराची नळी लावली, आणि म्हणाले, "काका, गाडी झकास ठेवलीत. सगळी कंपनी फिटिंग." आता आप्पा म्हणतील, माझ्या पोरीने बसवली, म्हणून मी पदर सारखा करून उभी राहिले. आप्पा म्हणाले, "व्हय." बास. परतीच्या वाटेवर मी मुद्दाम जोरात गिअर टाकत होते आणि ते खिडकीबाहेर बघत होते.

दिवाळीत धनू आला. पाडव्याच्या सकाळी फराळ झाल्यावर बाह्या सरसावून म्हणाला, "चला आप्पा, पासिंग झालं ना? आता आपला सायलेन्सर परत चढवू. शिलाई मशिन घेऊन कोण फिरणार?" आणि उत्तराची वाट न बघता रिंगपाना घेऊन खाली सरकला. गाडीखालून बाहेर दोन पाय. मी ओट्यापाशी होते, खिडकीत, जिथे नेहमी असायचे. आप्पा खुर्चीत.

"हे काय?" खालून आवाज आला. "हे लाल लाल काय लावलंय सगळीकडे?"

मी गॅस बारीक केला.

"आप्पा, मधल्या ब्रॅकेटवर माझी रेघ होती ना? पांढरी?"

मी बाहेर आले. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी ओळखली, ते माझ्याकडे गप्प राहण्याची भीक मागत नव्हते. तुझं तू ठरव, असं होतं ते. इतक्या वर्षांनी माझ्या हातात पत्ता आला होता आणि तो टाकायला सगळी मोकळीक होती. मी म्हटलं, "होती. मी पुसली." त्यापुढचं सांगितलं नाही. माझ्या चांगुलपणामुळे नव्हे. ते मला एकटीला माहीत असण्यात जास्त मजा होती.

धनू खालून बाहेर सरकला, केसांत सातविणीचा वाळका पाला. "बरं. मग आप्पा, सोडवू का?"

"मला काय इचारतोस?" आप्पा म्हणाले. "रेघ तिची हाय. तिला इचार."

आईच्या हातातली चकल्यांची ताटली तशीच राहिली. धनू माझ्याकडे वळला. काहीतरी गमतीचं बोलणार होता, पण आप्पांचा चेहरा बघून थांबला. पाना हातात तसाच धरून त्याने विचारलं, "ताई, सोडवू का?"

कंपनीचा सायलेन्सर अजून गाडीला आहे, धनूचा माळ्यावर पोत्यात आहे, यावरून मी पुढे काय म्हटलं असेन ते कळेलच. पण ते मी लगेच म्हटलं नाही. मी त्याच्या हातातून पाना घेतला, आप्पांच्या शेजारची खुर्ची ओढून बसले आणि म्हटलं, "आधी चहा ठेव. आलं घालून, साखर कमी."

तो गेला. खिडकीतून भांड्यांचा आवाज येत राहिला, आणि मला माहीत होतं की आम्ही बाहेर बोलतोय ते त्याला तिथे सगळं ऐकू येतंय. मी आप्पांना विचारलं, टर्बोचा पंखा नक्की किती गरम होतो, आणि ते सांगायला लागले, हातवारे करून, जखडलेला खांदा विसरून. धनू कप घेऊन दारात आला आणि आम्हा दोघांकडे बघत उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. लहानपणापासून मी ते आरशात बघत आले होते.